भाऊबीजेचं नवीन मॉडेल

माझा जन्म मनमाडचा. वडील रेल्वेत खलाशी होते, म्हणजे जहाजावरचे नाही हं, लोक हसतात म्हणून सांगतो, रेल्वेतही खलाशी असतात, अवजारं उचलणारे, हातोडा चालवणारे. आई मी चार वर्षांचा असताना गेली आणि मला वाढवलं ते माझ्या बहिणीनं, शकुंतलाताईनं. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा अकरा वर्षांची पोर, पण भाकरी थापायची, माझं शेंबडं नाक पुसायची, आणि शाळेत मास्तरांनी मला उगाच मारलं की परकर खोचून मास्तरांना जाब विचारायला जायची. हे आधी सांगतोय कारण पुढं जे सांगणार आहे ते मी हिच्याशी केलं. दुसऱ्या कुणाशी केलं असतं तर विसरूनही गेलो असतो, माणूस विसरतो, पण हिच्याशी केलं.

ताईचं लग्न सायखेड्याला झालं. घर शेतकऱ्याचं, गोदावरीच्या काठाला मळा, कांदा, टोमॅटो, थोडी द्राक्षं. दाजी उंचेपुरे, मिशी अशी की लहानपणी मला वाटायचं ती वेगळी काढून ठेवत असतील झोपताना. मी मनमाडात एका दुकानात रेडिओ दुरुस्ती शिकलो आणि वडील रिटायर झाल्यावर नाशिक रोडला आलो, कारण तिथं नोटांच्या प्रेसची वसाहत, रेल्वेची वसाहत, पगारदार माणसं, घरोघर रेडिओ. जेल रोडला एक गाळा मिळाला, दहा बाय बाराचा. दुकानाला नाव दिलं शकुंतला रेडिओ. दाजी म्हणाले, वा, बायकोचं नाव द्यायच्या आधी बहिणीचं दिलं, तुमचं लग्न जमायला वेळ लागंल. लागलाच.

मग रेडिओ गेले, टीव्ही आले, पाटीवर रेडिओच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स लिहून घेतलं, आणि नव्वद सालानंतर ते व्हिडिओ गेम आले. तुम्हाला आठवत असेल, टीव्हीला जोडायचे, वरून कॅसेट खुपसायची, दोन हातात धरायची बटणं. चित्र आलं नाही की लोक कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायचे. मी सांगायचो, अहो फुंकू नका, थुंकी जाते, आतले पॉइंट गंजतात, पण कोण ऐकतंय. फुंकणाऱ्यांच्या जिवावर माझं दुकान चाललं असं म्हटलं तरी चालेल.

त्यात मी एक नवीन गोष्ट सुरू केली. पाटी लावली, जुना द्या, नवा न्या. जुना गेम आणायचा, त्याची किंमत वजा करून नवीन मॉडेल न्यायचं, आणि मी तो जुना साफ करून दुसऱ्या कुणाला तरी स्वस्तात द्यायचा. सगळ्यांचं भलं. काही जुन्यांची वरची बॉडी फुटलेली असायची म्हणून मी मुंबईहून रिकाम्या बॉड्या आणून ठेवायचो. त्या बॉड्या बनवणारे एक नंबरचे बिलंदर. नुसती वरची टरफलं, पण दिसायला अगदी नव्या महागड्या मॉडेलसारखी, करडी, वर गोल झाकण. झाकण उघडलं की खाली तबकडीची, म्हणजे सीडीची, जागा असायला पाहिजे, तर तिथं आपलं साधं कॅसेटचं भोक. मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचो, ही फक्त बॉडी आहे, आत जुनंच आहे. शपथेवर सांगतो, सगळ्यांना सांगायचो. एकदा सोडून.

तर एका उन्हाळ्यात दाजी कांदा साठवायच्या चाळीवरून पडले. पत्रे नीट करायला चढले होते. पाय मोडला, मांडीपर्यंत प्लॅस्टर, तीन महिने खाट. आणि दाजी म्हणजे पहाटे चारला उठून मोटर चालू करणारा माणूस, तो खाटेवर पडून काय करणार, येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या देणार. ताईचा निरोप आला, रंगा, काहीतरी कर बाबा, नाहीतर ह्यांच्या दुसऱ्या पायाचं मीच काहीतरी करून बसेन. मी दुकानातला एक गेम घेऊन गेलो, पांढरा, लाल पट्ट्यांचा, आणि टीव्हीला जोडून दिला.

दाजींनी आधी नाक मुरडलं, हे काय पोरखेळ. मग एक डाव खेळले. मग दुसरा. काय सांगू तुम्हाला, प्लॅस्टर निघालं तरी गेम सुटला नाही. दिवसभर मळ्यात राबायचे आणि दुपारी जेवून झालं की पाऊण तास बैठक, मिशीला पीळ, आणि टीव्हीतल्या त्या टीचभर माणसाला ओरडून सांगायचे, अरे मार उडी गाढवा, तुला काय बैलगाडी पाठवू का. ताईसुद्धा बसायची, तिला तो विटा फोडायचा खेळ आवडायचा. ती म्हणायची, निवडणं-टिपणं केल्यासारखं वाटतं. आणि दसऱ्याला ट्रॅक्टर, मोटर, शिवणयंत्र यांच्या रांगेत ताईनं त्या गेमलाही ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आमच्याकडं राबणाऱ्या सगळ्या यंत्रांची पूजा असते. हा तर न राबणारा, पण ताई म्हणाली, ह्यानं माझा नवरा खाटेवर शांत ठेवला, ह्याचा मान मोठा.

त्याच दसऱ्याला मी सोनं द्यायला गेलो होतो, तेव्हा दाजी म्हणाले, मेस्त्री, नाशकात एका पावण्याकडं मी झाकणवाला गेम बघितला, तबकडी टाकायची, आतली माणसं खऱ्यासारखी चालतात. तुमची ती पाटी आम्हाला लागू हाय का नाय. ताई म्हणाली, तुम्ही कशाला विचारता, मी मागते, ह्या भाऊबीजेला मला साडी नको, ओवाळणीत ते नवीन मॉडेल घाल. आणि जुना गेम पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, ताई, दिला.

आता ऐका. मी मुंबईच्या माणसाला त्या तबकडीच्या गेमचे चार नग सांगितले होते. दिवाळीच्या गर्दीत त्यानं पाठवला एक. एक तर एक, तो मी ताईसाठी म्हणून कपाटात वर ठेवला. आणि पाडव्याच्या सकाळी दुकानासमोर गाडी थांबली. एक साहेब उतरले, मोठे अधिकारी, इस्त्रीचा सफारी. आत आले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, काय शेठ, तबकडीचा गेम आहे का.

शेठ. मला आयुष्यात तोवर कुणी शेठ म्हटलं नव्हतं. ए मेस्त्री, ओ रेडिओवाले, नुसतं शुक शुक, हे सगळं ऐकलेलं. वीस वर्षं त्या गाळ्यात बसलो होतो आणि हा गाडीतून उतरलेला माणूस मला शेठ म्हणतोय, शेजारचा किराणावाला बघतोय. एकच नग आहे आणि तो दिलेला आहे, एवढंच वाक्य बोलायचं होतं. ते तोंडातून निघेना. शेठकडं माल नसतो का कधी? मी कपाट उघडलं आणि गेम काढून दिला. त्यांनी पूर्ण किंमत रोख दिली, पण पैशासाठी नाही हो केलं, पैशासाठी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. एका शब्दासाठी केलं.

गाडी गेली आणि मी भानावर आलो. दुसऱ्या दिवशी भाऊबीज. म्हटलं ताईला सांगू, माल आला नाही, पुढच्या महिन्यात देतो. पण ओवाळणीचा शब्द, तोही ताईला दिलेला. समोर तिचाच जुना गेम पिशवीत, आणि मागं फळीवर ती करडी बॉडी. माझे हात आपोआप चालले म्हणा, नाही, आपोआप कशाला, मीच चालवले. स्क्रू काढले, आतली प्लेट उचलली, थोडी घासली, दोन भोकं नवीन पाडली आणि नव्या बॉडीत बसवली. कॅसेटच्या खाचेवर दसऱ्याचं हळदकुंकू पडलेलं होतं. कुंकू स्पिरिटनं पुसलं गेलं. हळद काही निघाली नाही, हळदीचं तुम्हाला माहीत आहे. म्हटलं झाकणाखाली आहे, कोण बघतंय.

सायखेड्याला ताईनं ओवाळलं, मी ताटात खोकं ठेवलं. दाजींनी उघडलं, फिरवून फिरवून पाहिलं, झाकण वर केलं आणि आत बघत राहिले.  मी बडबडलो, दाजी, हे मॉडेल कॅसेटवरही चालतं, तबकडीचा भाग पुढं बसवून देतो. दाजींनी झाकण लावलं, ताईकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहून म्हणाले, वा शेठ, एक नंबर.

शेठ! मेस्त्री म्हणणारे दाजी त्या दिवशी मला शेठ म्हणाले, नेमका तोच शब्द. हातातली जिलबी मी परत ताटात ठेवली.

आणि मग सुरू झालं दाजींचं कौतुक. चित्र किती साफ, आवाज किती गोड. हातात कसा लगेच बसला, म्हणजे असं वाटतं जुनी वळख हाय. गावात पारावर सांगितलं, चांदोरीच्या बाजारात सांगितलं, आमच्या पाव्हण्यांनी ओवाळणीत फॉरेनचा माल घातला. सायखेड्याची, चांदोरीची माणसं माझं दुकान शोधत नाशिक रोडला यायला लागली, दाजींच्या ओळखीनं आलो म्हणत. त्यांना मी खरा माल दिला, एकेकाला, आणि त्या उरलेल्या करड्या बॉड्या भंगारात टाकल्या. पण जेवढी गिऱ्हाइकं येत तेवढा मी आत खचत जाई. पुढच्या दसऱ्याला ताई त्या गेमला हळदकुंकू लावत होती तर दाजी म्हणाले, हळद जरा जास्त लाव, ह्याला हळद मानवती. मी तेही कौतुकच समजलो. असा मी हुशार.

दरवर्षी भाऊबीज आली की मी जायचो. दरवर्षी दाजींचं ठरलेलं, काय शेठ, आपलं नवीन मॉडेल अजून पळतंय बरं का. मी हसायचो. ताई ओवाळायची, औक्षवंत हो म्हणायची, आणि मी खाली मान घालून ताटात साडी ठेवायचो, दरवर्षी आधीच्यापेक्षा भारी साडी. ताई म्हणायची, एवढं कशाला रे. आता काय सांगणार कशाला. खरा गेम नेऊन का नाही दिलास, असं तुम्ही विचाराल. नेला असता तर आधीचा काय होता ते सांगावं लागलं असतं ना.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. परवा, म्हणजे गेल्या दिवाळीच्या आधी, मी दुकान बंद केलं, डोळ्यांना बारीक सोल्डरिंग दिसेनासं झालं म्हणून. माळा आवरताना आमच्या मंडळींच्या हाताला एक पांढरी रिकामी बॉडी लागली, लाल पट्ट्यांची, वर वाळलेलं कुंकू. हे काय, टाकू का? मी म्हटलं टाकू नको, आणि खाली बसून तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, तरीच म्हटलं, बहिणीला पैठणी आणि मला सुती का.

मग तीच म्हणाली, सांगून टाका एकदा, तुम्ही सत्तरीला आलात आणि त्या तर कधीच ओलांडून गेल्या.

ती बॉडी कापडी पिशवीत घालून मी भाऊबीजेला सकाळी सायखेड्याला गेलो. ताईनं पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं. ताट उचलून माझ्यासमोर आली आणि मी म्हटलं, ताई, थांब. पिशवीतून ती पांढरी बॉडी काढून पाटासमोर ठेवली. म्हटलं, ही तुमच्या जुन्या गेमची कातडी. आतला जीव तुमच्याकडंच आहे. मी तुम्हाला नवीन दिलाच नाही.

मला वाटलं, आता दाजी उठतात. तर दाजी काठीवर हनुवटी टेकून हसायला लागले, असे हसले की खोकला आला, ताईला ताट एका हातात धरून त्यांच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. दाजी म्हणाले, अहो शेठ, आम्ही त्याच दिवशी बघितली ना हळद. तुम्ही एसटीत बसला आन मी हिला म्हटलं, तुझ्या भावानं आपलंच पोरगं नवं झबलं घालून परत पाठवलं.

म्हणजे ते कौतुक? ताई म्हणाली, मग काय करणार होते, माझ्या माहेरची ओवाळणी खोटी निघाली म्हणून पारावर सांगणार होते का? मीच म्हटलं, बिचाऱ्याचा माल आला नसेल, शब्द दिला म्हणून काहीतरी जुळवलं असेल, तुम्ही एक अक्षर काढू नका. तर हे म्हणाले, अक्षर कशाला, मी पोवाडाच गातो.

आता तुम्ही म्हणाल, इथं संपलं, सगळे हसले, दिवा पेटलेला आहे, ओवाळून घे. मलाही तसंच वाटलं एक क्षण. पण ती म्हणाली ना, बिचाऱ्याचा माल आला नसेल. दहा वर्षं ती तेच धरून बसली होती. मी म्हटलं, ताई, माल आला होता. एक नग आला होता. तुझ्यासाठी ठेवला होता आणि आदल्या दिवशी दुसऱ्याला विकला.

दाजींचं हसू थांबलं. ताईनं विचारलं, का? अडचण होती काही? म्हटलं नाही. मग? म्हटलं, तो मला शेठ म्हणाला.

ताईनं ताट खाली ठेवलं. माझ्याकडं बघत राहिली, अगदी लहानपणी मी खिशात दुसऱ्याच्या गोट्या घेऊन घरी आलो की बघायची तसं. दाजी हळूच म्हणाले, आयला, आन मी दहा वर्षं तेच म्हणतोय. ताई त्यांना म्हणाली, तुम्ही गप्प बसा. मग मला म्हणाली, ऊठ. पाटावर बसायचं नाही. आधी जा आणि माझी ओवाळणी घेऊन ये. बीज संध्याकाळपर्यंत आहे.

सदुसष्ट वर्षांचा मी, पायात चप्पल घातली आणि निघालो. एसटी, मग रिक्षा, नाशकातल्या एका मोठ्या मॉलमध्ये. तिथं नुसते दिवे आणि गारवा, आणि काउंटरला एक चुणचुणीत मुलगी. म्हटलं बाळ, व्हिडिओ गेम दे, सगळ्यात नवीन. ती म्हणाली, काका, जुना आहे का एक्स्चेंजला? ऑफर आहे, जुना द्या आणि नवीनवर सूट घ्या. मला एवढं हसू आलं की ती पोरगी घाबरली. म्हटलं नाही गं बाई, जुना आहे, पण तो द्यायचा नाही. ती म्हणाली, काका, बिल कुणाच्या नावानं करू? म्हटलं लिही, शकुंतला.

सायखेड्याला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. ताई अंगणात उभीच होती, नवी साडी, हातात तेच ताट. नदीच्या बाजूला बीजेची बारीक कोर दिसली, तिनं आधी चंद्राला ओवाळलं, आमच्यात तशी रीत आहे, आणि मग मला म्हणाली, बस आता. टिळा लावताना अंगठा जरा जोरात दाबला. औक्षवंत हो म्हणाली. मग म्हणाली, आणि पुन्हा कुणी शेठ म्हणालं तर आधी माझ्याकडं ये, मी मोजून शंभरदा म्हणते, पण दुकानातली माझी ओवाळणी विकू नकोस. मला रडूही आलं आणि हसूही. म्हटलं ताई, दुकान आता आहे कुठं.

नवीन गेम जोडून दिला. दाजींनी चष्मा लावून तीन दिवस खेळला आणि चौथ्या दिवशी फोन आला. अहो, ह्यात तो माणूस चारी बाजूंनी फिरतो, मला गरगरतं, तुमच्या ताईला विटा सापडत नाहीत. तुमचं नवीन मॉडेल तुम्हाला लखलाभ, आमचं पोरगं बरं. मी म्हटलं, मग जुना पांढऱ्या बॉडीत परत घालून देऊ का, कातडी आहे ना तिथं. दाजी म्हणाले, नको, झबलं ऱ्हाऊ द्या. सवय झाली त्याला.

तर आता असं आहे बघा. नवीन गेम टीव्हीखाली शोभेला आहे, तोही यंदा दसऱ्याला रांगेत बसला. आणि त्या जुन्याची पिन महिना-दोन महिन्यांनी हलते, दाजी फुंकर मारतात, ऐकत नाहीत, की मला फोन. मी भिंग आणि सोल्डरिंगचं सामान घेऊन जातो, ताई विटा फोडायला टपून बसलेली असते, चहा ठेवते. मी स्क्रू काढतो, पॉइंट स्पिरिटनं पुसतो, धूळ झटकतो, सगळं लखलखीत करतो. खाचेवरची हळद तेवढी पुसत नाही. दाजी हल्ली मला परत मेस्त्री म्हणतात. गोड लागतं हो.

देव त्या दोघांना सुखात ठेवो, आणि दाजींचं फुंकणं काही बंद न होवो.